उशाखालची पुराणवस्तू

सोलापूर
मंगळवार, ता. ८ जून १९७६

रंभाअक्का,

लांबनंच पाया पडते. पोर झोपलीया तवर लिवतीया, अक्षार आडवंतिडवं आलं तर रागाला येऊ नगा. आदीच रागात आसाल.

एक इचारायचं हुतं. पुराणवस्तू म्हंजी काय वो? तुमी चवथी शिकलेल्या. माजी दुसरी, ती बी निम्मी. बाकीचं तुमीच चुलीच्या कोळशानं भुईवर गिरवून घेतलेलं. म्हणून तुमालाच इचारतीया, थोरली जाऊ तुमीच, दुसरं कोण हाय मला.

झालं आसं की काल ह्ये मागावरनं आलं आन जेवता जेवता सांगाय लागलं. कारखान्यात कारकुनानं पेपर वाचून दावला म्हणं. सरकारचा नवा कायदा हाय. शंभर वर्षावरची मूर्ती कुणाच्या घरात आसंल तर कचेरीत जाऊन लिवून द्यायची. तसल्या चिजंला पुराणवस्तू म्हंत्यात. न्हाय लिवून दिली तर पोलीस.

मी म्हणलं, "पोलीस बाईमाणसाला बी न्हेत्यात का?"

तर ह्ये हसलं. म्हणलं, "तुज्याकडं काय पुराणं हाय गं? तुजा बाप सोडून?"

मी बी हसले. पर भाकरी करपली.

म्या माज्यासाटी न्हाय इचारत. शेजारी सावित्रम्मा म्हणून तेलगू बाई हाय, इड्या वळती. तिच्याकडं समई हाय जुनी. तिला धास्ती बसलीया, म्हणून इचारलं. सरकार तसली चीज घिऊन जातं का, आन ती ज्याच्याकडं सापडली त्याचं काय करतं, तेवडं लिवा.

तुमी करमाळ्याला भावाकडं गेल्याचं कळलं. तुमच्या गोजीला आपल्या सासूनं, आत्याबाईनी, गावाकडंच ठिवून घेतली म्हणं. आसं करायला नगं हुतं त्यांनी. चैतात देवाचं गठुडं सोडलं आन त्यात घोड्यावरचा पितळी देव, आपला घोडा, न्हाय, आन गाट तुमच्या हातची, म्हणून तुमच्यावर नाव, मार आन दारातनं भाईर. पर अक्का, देव कोण न्हेईल? उंदरानं न्हेला आसंल. आता उंदीर पितळ न्हेत न्हाय हे मला बी ठावं हाय. पर काय सांगावं.

माजी दगडी बरी हाय. आटवा म्हयना लागला. दात न्हाय आला आजून.

पाकीट कणकीनं चिकटवलंय. तुमच्या भावानं उगडू ने म्हणून. तसं लपवायजोगं ह्यात काय न्हाय.

तुमची सोजर


सोलापूर
शनवार, ता. १९ जून

रंभाअक्का,

पायावर डोकं. तुमचं उत्तर न्हाय आलं. करमाळा काय लई लांब न्हाय, टपाल दोन दिसात येतं म्हंत्यात. रोज पोस्टमनच्या वाटंकडं डोळं लावून बसते. त्यो मला बगितलं की लांबनंच हात हलीवतो, न्हाय म्हणून.

मागल्या हप्त्यात आमच्या वस्तीत एक माणूस आला हुता सायकलवर. मोडवाला आसंल वाटलं, पर तागडी न्हाय जवळ. डोळ्याला लावायची काच हुती. "जुनं दिवं, जुनी भांडी, मूर्त्या दावा," म्हणत फिरला. सावित्रम्मानं समई आणली. त्यानं काच लावून बगितली आन परत दिली. म्हणला, "ही नवी आहे बाई. तुमच्या लग्नातली. आन लग्न तर तुमचं काल झाल्यासारखं दिसतंय."

सावित्रम्मा म्हणली, "काल? चार पोरं हायत मला! काच पुस तुजी!"

समद्या बाया हसल्या. त्यो बी हसला. मग सांगाय लागला की जुनं म्हंजी फुटकं न्हाय. शेकडो माणसं मेली, घरं पडली, तरी जी चीज हातचं हातात येत टिकली, तिला अँटिक म्हंत्यात. तसली चीज तो घेतो. पुराणवस्तू आन अँटिक एकच का म्हणून मी इचारलं. म्हणला, "कचेरीत पुराणवस्तू, बाजारात अँटिक."

तितंच गप बसायचं सोडून मी आनिक इचारलं, "घासून घासून नाक गेलेली मूर्ती आसंल तर?"

त्यानं सावित्रम्माला सोडलं आन माज्याकडं बगितलं. "कुठं आहे?"

"कुटं न्हाय. आसंच इचारलं."

त्या दिसापासनं त्यो तीन डाव आला अक्का. दारात सायकल लावतो, पाणी मागतो. काल म्हणला, "लपवून ठेवली आणि पोलिसाला कळलं तर मूर्तीपण जाईल आन तुमीपण जाल. त्यापेक्षा मला द्या, मी गुपचूप नेतो." मी दार लावून घेतलं. पोरीला छातीशी धरून आत बसले, त्याची घंटी लांब जाईस्तवर.

सावित्रम्माला काय तरी वास आलाय. काल दगडीला मांडीवर घेतली तर वाकळंवरनं हात फिरवून म्हणली, "काय गे सोजरा, पोरीच्या डोस्क्याखाली काय कठीण लागतंय? नाव दगड, उशी पन दगड?"

मी म्हणलं, चिंद्यांची गाट हाय ती.

गोजीची काय खबर? तुमाला कोण कळीवतं का? मला ह्यांनी सांगितलं की ती आत्याबाईजवळ झोपती आन शाळंला जाती. बरी आसंल. लेकरं इसरत्यात.

आसं लिवलं खरं, पर वाचल्यावर मलाच कसं तरी झालं. खोडलं आसतं तर कागूद फाटला आसता. म्हणून ऱ्हाऊ दिलं.

सोजर


सोलापूर
रविवार, ता. ४ जुलै

अक्का,

तुमी उत्तर देत न्हाईसा. नगा दिऊ. पर हे वाचा. फाडायचं आसंल तर वाचून फाडा.

घोडा माज्याकडं हाय.

लिवलं. आता खोडणार न्हाय.

त्यो सायकलवाला येऊन येऊन माजं डोस्कं फिरलं. वाटलं, ह्या घोड्याला नवा करावा. नवा दिसला की त्यो पुराणवस्तू ऱ्हाणार न्हाय. मग ना पोलीस, ना त्यो काचवाला. म्हणून आदी विटंच्या भुकटीनं घासला, बोटं सोलली. चकाकला लई, पर घोड्यावरच्या देवाला नाक न्हाय, डोळं न्हाईत, ते कसं लपवायचं? नवं नाक-डोळं बसवून आणावं म्हणून पदराखाली घिऊन ओताऱ्याच्या दुकानात गेले. चनमल्लप्पा म्हणून म्हातारा हाय, कानडी बोलतो, मराटी बी बोलतो. त्याला सांगितलं, माज्या माहेरचा देव हाय, पडून नाक गेलं, नवं लावून द्या.

त्यानं घोडा घेतला. डोळं मिटलं आन नुसता अंगठा फिरवला देवाच्या तोंडावरनं.

धाकट्या भैणीला कानडीत म्हंत्यात तसं म्हणला, "तंगी, हे नाक पडलेलं न्हाय. बोटानं गेलंय. चिंच लावून लावून. किती बायांनी लावली आसंल, बग की. तुजी आज्जी, तिची आज्जी, तिची बी."

मी म्हणलं, "मग लावून द्या की नवं."

"मी नाक लावलं तर त्या समद्यांचं हात पुसून गेलं. मला न्हाय जमायचं."

"मी सांगतीया न्हवं? माजा देव हाय."

"तुजा हाय तर भितीस कशाला?"

अक्का, मी तितनं पळत आले. घोडा पदरात, पोर कडंवर, पायात चप्पल न्हाय, दुकानाच्या पायरीवरच ऱ्हायली. आजून न्हाय आणली.

आता सांगते. दुष्काळात आपण समदी खडी फोडायला जायचो तवाचं तुमाला आटवतं. माजा भीमा तापानं पडला. चवदा म्हयन्याचा. तवा आत्याबाईनी गठुडं सोडून घोडा काढला आन एक रात त्याच्या उशाला ठिवला. सकाळी ताप उतारला. लेकरानं माज्याकडं बगून हात केला, तुमी तितं हुता, तुमी बी हसला. मग आत्याबाई म्हणल्या, देव उगडा ठिवायचा न्हाय, आन घोडा परत गठुड्यात बांदला. तिसऱ्या दिशी भीमा गेला.

तुमी समदी म्हणला देवाच्या मनात हुतं. पर माज्या मनातनं एकच गेलं न्हाय, की घोडा ऱ्हायला आसता तर लेकरू ऱ्हायलं आसतं.

मग ही झाली. दगडाबाई नाव ठिवलं, कुणाची नजर पडू ने, नेणाऱ्यानं दगुड समजून टाकून जावं म्हणून. सव्वा म्हयन्याची घिऊन चंपाषष्टीला गावाकडं आले. देव घासायचं काम मला दिलं. देवाचं चार टाक आन घोडा. मी चिंच लावत हुते, पोर मांडीवर पीत हुती, तिचं टाळू धडधड करताना दिसत हुतं. घोडा कवा तिच्या दुपट्यात गेला ते माज्या हाताला ठावं, मला न्हाय. चार टाक फडक्यात घालून तुमच्या हातात दिलं. तुमी मोजलं न्हाय. माज्यावर इस्वास ठिवला आन गाट मारली.

सोलापुरात आल्यावर त्यो वाकळंत शिवला, ओताऱ्याकडनं आणून बी परत तितंच शिवला. तिच्या डोस्क्याखाली. ह्यांला बी ठावं न्हाय.

गोजी तुमच्यापास्नं तुटली ती माज्यामुळं. मला कळत न्हवतं आसं न्हाय. कळत हुतं. पर परत करायचा म्हणलं की मी पोरीकडं बगते. घोडा दिला आन पोर गेली तर? तुमी सांगा अक्का, तुमी आई हायसा, तर काय करू?

सोजर


सोलापूर
मंगळवार, ता. १३ जुलै

अक्का,

तुमचं कारड आन माजं पत्र वाटंत एकमेकाला भेटलं आसंल. माजं पत्र टाकून दोन दिस झालं आन तुमचं कारड आलं. तुमी माजं शेवटचं पत्र वाचायच्या आदीच लिवलेलं.

ह्यांची रातपाळी हुती म्हणून दिसा घरात. पोस्टमननं कारड ह्यांच्याच हातात दिलं. हे उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचाय लागलं, मला ऐकवायला म्हणून. तुमचं अक्षार मला पाठ झालंय आता, लिवून दावते:

"सोजर, पुराणवस्तू म्हंजे जुन्यातलं जे मागं ऱ्हायलं ते. संगतीचं समदं गेलं, ते तेवढं ऱ्हायलं. तुजी दोन पत्रं पोचली. दोन्हीत खरं नाही. गठुडं बांदताना हाताला हलकं लागलं हुतं. सोडून बघितलं नाही, कारण तू पोरीला पाजत माज्या हाताकडं बघत हुतीस. वाटलं, पोरीला दात आला की आणून ठेवशील. सात महिने वाट बघितली. हे मुद्दाम कारडावर लिहिते. पाकिटात झाकावं आसं माज्याकडं काही ऱ्हायलं नाही. गोजीची वेणी कोण घालतं? रंभा."

ह्यांनी कारड परत वाचलं, मनातल्या मनात. मग म्हणलं, "कसलं गठुडं? काय आणून ठिवायचं हुतं?"

मी वाकळंकडं बगितलं. तेवडं पुरं झालं.

त्यांनी मागावरचा सूत कापायचा ब्लेड काढला आन वाकळंची शिवण उसवली. घोडा हातात घेतला. मला वाटलं आता मारत्यात. मारलं आसतं तर बरं झालं आसतं. पर ह्ये खालीच बसलं.

म्हणलं, "वहिनीला दारातनं काढली तवा मी तितंच हुतो सोजर. गोजी तिच्या लुगड्याला धरून बसली हुती, मीच सोडवली तिची बोटं. आन मीच म्हणलं, वहिनीशिवाय कोण न्हेणार."

मी म्हणलं, "आत्ताच्या आत्ता गावाकडं न्हिऊन द्या. जा."

ते उटलं. दारापतुर गेलं. तेवड्यात दगडी झोळीत रडाय लागली. तसं लेकरू रडतंच की, भूक लागली की रडतं. पर हे थांबलं. परत आलं. वाकळ झोळीत सारकी केली, घोडा तिच्या डोस्क्याखाली सारला आन माज्याकडं न बगता म्हणलं, "आज ऱ्हाऊ दे. उद्या बगू."

उद्या उद्या करत आट दिस झालं.

तुमाला हलकं लागलं हुतं. तुमाला समदं ठावं असताना तुमी गप बसला आन मार खाल्ला. मला वाटायचं मीच एकटी लपीवतीया.

दात आलाय अक्का. खालचा. चार दिस झालं. तुमाला सांगायचं धाडस होत न्हवतं.

सोजर


सोलापूर
बुदवार, ता. २८ जुलै

अक्का,

तुमचं परत काय आलं न्हाय. यावं आसं मी काय केलंय बी न्हाय. तरी लिवते.

त्या सायकलवाल्याला ह्यांनी परवा दारातच धरला. कॉलर न्हाय धरली, सायकलचं हँडल धरलं. म्हणलं, "आमी सोता कचेरीत जाऊन लिवून देतोय. तू बी चल की, संगंच जाऊ." त्यो जो गेला त्यो परत वस्तीत दिसला न्हाय.

पर बोलून गेल्यावर जायलाच लागलं. कचेरीत मूर्तीचा फोटू लागतो म्हणून कळलं. मग फोटूच्या दुकानात गेलो. फोटूवाला घोडा पाटावर ठिवून ह्या बाजूनं बगतो, त्या बाजूनं बगतो. म्हणला, "तोंड कुणीकडं हाय ह्याचं? नाकच न्हाय तर पुढनं काढू का मागनं?" दगडी हात करून घोडा मागत हुती. ह्यांनी तिला घोड्याच्या शेजारी बसवली तर म्हणला, "सरकारी फोटूत पोरगी चालत न्हाय." मग तिला काढली आन नुसता घोड्याचा फोटू घेतला. दगडीचा आजून एक बी फोटू न्हाय. भीमाचा बी न्हवता.

कचेरीत मी सकाळपास्नं पाणी बी प्याले न्हाय. माज्या डोळ्याम्होरं एकच, आता हे घोडा ठिवून घेणार आन मला बसवून ठिवणार. कारकून तरणाच हुता. चष्मा पुसत म्हणला, "घाबरताय कशाला बाई? शंभर वर्षांवरची, माणसानं घडवलेली मूर्ती आसली की ती पुराणवस्तू. तिची नोंद फकस्त करायची."

"मग सरकार न्हेतंय ना?"

"सरकार काय करणार तुमचा घोडा घेऊन? तुमच्याकडंच ऱ्हाणार. पूजा करा, काय करा. दुसऱ्याच्या हातात गेला तर तेवढं आमाला कळवायचं."

अक्का, मी खुळ्यागत त्याच्याकडं बगत ऱ्हायले. दोन म्हयनं मी सरकारला भ्याले. सरकारला घोडा नगोच हुता.

मग त्यानं कागूद घेतला आन इचारलं, "मालक कोण?"

ह्ये सोताचं नाव सांगाय लागलं, "लिवा, तात्याबा..."

माज्या तोंडातनं आपसूक गेलं, "न्हाय."

कारकुनानं वर बगितलं. "बरं. वस्तू तुमच्याकडं आली कशी? वारशानं, विकत घेऊन, का कुणी भेट दिली? तीनच घरं आहेत. कशात खूण करू?"

मी म्हणलं, "चवथं घर न्हाय का?"

"चवथं कसलं?"

ह्ये माज्याकडं बगाय लागलं. मागं दोन माणसं हुती, ती बी. मी म्हणलं, "माज्या सासूच्या गठुड्यातनं मी न इचारता आणली. ते कुटल्या घरात बसतं?"

कारकुनानं पेन खाली ठिवला. मग कागुदाची घडी घातली आन कोराच माज्या हातात दिला. म्हणला, "हे असं घर सरकारनं काढलेलं नाही बाई. मालकाला विचारा, मालकाची सही आणा. अंगठा चालंल."

पायरीवर बसून मी रडले. ह्ये पोरीला घिऊन झाडाखाली उभं. मग येऊन एवडंच म्हणलं, "मालकीण, आमची आये, आता लोकर कातत बसली आसंल. चल."

मी म्हणलं, "आन हिला काय झालं तर?"

तर म्हणलं, "मला काय ठावं?" आसंच म्हणलं. धीर देत्यात तसं कायच न्हाय. "मला काय ठावं सोजर. मी बी भितो."

परवाच्या एस्टीनं निगतोय. कारखान्यात मालक खाडं धरणार, मजुरी कापणार, कापू दे. तुमाला कळवावं म्हणून लिवलं.

सोजर


करमाळा
बेस्तरवार, ता. ५ ऑगस्ट

अक्का,

हे टपालात टाकायचं न्हाय. तुमच्या भावाच्या घराम्होरं लिंबाचं झाड हाय, त्याच्या बुडात बसून लिवतीया. दार दिसतंय. दारात यायला पाय हुईना, म्हणून लिवतीया.

शुक्रवारी गावाकडं गेलो. आत्याबाई जोत्यावर लोकर कातत बसल्या हुत्या. मी फडकं सोडून घोडा त्यांच्या म्होरं ठिवला. लोकर कातायची चाती थांबली. लई येळ त्या घोड्याकडं बगतच न्हवत्या, माज्याकडंच बगत हुत्या. थोरलं भाऊजी, तुमचं कारभारी, मेंढराकडनं आलं हुतं, ते बी खांबाला टेकून उभं.

आत्याबाई म्हणल्या, "कवापस्नं?"

"चंपाषष्टीपस्नं."

"कुटं ठिवला हुता?"

"हिच्या उशाखाली."

मग त्यांनी घोडा उचलला आन अंगठा फिरवला तोंडावरनं, त्या ओताऱ्यानं फिरवला तसाच. म्हणल्या, "आनिक झिजवलास की गं. काय लावलंस?"

"विटंची भुकटी."

"बया! विटंनं कोण घासतं देव!"

मला वाटलं एवड्यावरच मारत्यात. पर त्यांनी चातीचा धागा तोडला. म्हणल्या, "भीमाच्या उशाचा घोडा मी काढून न्हेला. त्याचा बोल तू मला कवा तोंडावर लावला न्हाईस. चोरून लावलास."

मी म्हणलं, "व्हय."

"तू मागितला आसतास तर मी दिला नसता," त्या म्हणल्या. "आता दिला आसता का, ते मला बी सांगता यायचं न्हाय." मग डोळ्याला पदर लावला. मी त्यांला रडताना कवा बगितलं न्हवतं, भीमाच्या येळला बी न्हाय.

ह्यांनी कागूद काढला आन वाचून दावला. मालक कोण म्हणल्यावर आत्याबाईनी सोताच अंगठा म्होरं केला. मग ह्यांनी इचारलं, "आये, कसा मिळाला आपल्याला घोडा? वारशानं, इकत, का बक्षीस?"

तर म्हणल्या, "मिळाला कुटला? ऱ्हायला. सात मूर्त्या हुत्या ह्या गठुड्यात. माज्या सासूच्या सासूनं मोठ्या दुष्काळात एकेक करून मोडल्या, लेकरांच्या तोंडात घालायला. टाक माज्या लग्नातलं हायती. जुन्यातला ह्यो एक ऱ्हायला. ह्येला मोडायच्या आदी पाऊस आला." आन ह्यांला म्हणल्या, "बसतं का कुटल्या घरात?" ह्यांनी वारशाच्या घरात खूण केली.

मी तितंच बसले हुते. सहा मूर्त्या लेकरांसाटी गेल्या. आन मी एक लेकरासाटी ठिवली.

तुमाला आणायचं निगालं. आत्याबाई म्हणल्या, "काढली मी. पर बोलवायला मी कुटल्या तोंडानं जाऊ? आन गेले तरी ती का यावी? जिनं केलं ती जाऊ दे. गोजीला संगं न्हे." मग म्हणल्या, "रंभी आली तर बरंच. न्हाय आली तर गोजीला तितंच ठिवून ये. लेकरू आईचं हाय. मी चार म्हयनं ठिवलं तेवडं बास."

आज सकाळी आमी निगालो तर भाऊजी गोजीला खांद्यावर घिऊन एस्टीपतुर आलं. सात वर्साची पोरगी, पाय लोंबत हुतं तिचं. गाडी सुटताना म्हणलं, "माजं काय सांगू नगा. मी सोता सांगीन, ती ऐकंल तवा." ते तुमी बगा, मी मधी बोलत न्हाय.

टेंभुर्णीला गाडी बदलली. ह्ये तितनंच सोलापूरला गेलं, आदीच सहा खाडं झालं. आता मी, गोजी आन दगडी. गोजीची वेणी मीच घातली तितल्या स्टँडवर. वाकडी झालीया. तिनं सांगितलं, "आई आशी घालत न्हाय."

घोडा गावाकडं गठुड्यात हाय. गाट आत्याबाईनी मारली न्हाय. म्हणल्या, रंभी आली की मारंल, मोजून.

गावाकडं घोडा त्याच घरात तरी हुता; आट म्हयन्यात पैल्यांदा दगडी घोड्यापासनं लांब झोपलीया. एस्टीतच झोपली ती आजून उटली न्हाय. वाकळंची ती जागा मऊ लागती आता, हात लावला की दचकते मी. घडीघडीला तिच्या नाकाम्होरं बोट धरून बगते. श्वास लागतो बोटाला. परत धरते. परत लागतो. गोजी म्हणली, "काकू, सारकं सारकं काय बगतीस? झोपलीया ती." मी म्हणलं, व्हय, झोपलीया. तरी धरलं.

हे पत्र गोजीच्या हातात देतीया. ती पळत यील, तिला काय भ्या न्हाय. आदी तिला घ्या, पत्र मागनं वाचा.

तुमी भाईर आला न्हाईत तरी मी हितनं उटणार न्हाय. आला तर जे बोलायचं ते बोला, हात उचलला तरी चालंल. पर आदी वाईच दगडीच्या नाकाम्होरं तुमचं बोट धरून बगा. माज्या बोटावर माजा इस्वास ऱ्हायला न्हाय.

सोजर